सरमिसळ बाटली सोडून बाकी सर्व

मी, श्रीमती सत्यभामा पुंडलिक तुपे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका (रसायनशास्त्र, कनिष्ठ महाविद्यालय), राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबदडपणाशिवाय आणि कोणत्याही नशेच्या अमलाखाली नसताना लिहून ठेवत आहे.

नशेचं वाक्य माझ्या वकील अ‍ॅड. गजाला काझी सगळ्यांच्याच मृत्युपत्रात घालतात. माझ्या वेळी त्यांचा पेन जरा थांबला. मी म्हटलं, घाला, माझ्या बाबतीत ते वाक्य कामाचं आहे. मी व्हिस्की पिते. शनिवारी संध्याकाळी एक पेग, वर पाण्याचे मोजके थेंब. आजीवन परवाना माझ्या स्वतःच्या नावावर आहे. तो काढायला गेले तेव्हा खिडकीतला माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, "मिस्टरांचा काढायचाय ना?" मिस्टरांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.

छावणीतले डॉ. याह्या सिद्दीकी यांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. त्यांनी विचारलं, काही त्रास होतो का. मी म्हटलं, राग येतो. ते म्हणाले, बाई, मग डोकं एकदम ठिकाणावर आहे.

१. माझे पती पुंडलिक तुपे, बँकेतले निवृत्त शाखाधिकारी, २०२३ च्या मे महिन्यात वारले. मला एकच मुलगा, चि. शिवम, राहणार पुणे, आणि त्याची पत्नी सौ. श्रेया. यापूर्वी मी लिहिलेलं मृत्युपत्र या लिखाणानं रद्द समजावं. त्यात मी सगळ्यांशी फार गोड वागले होते.

२. उस्मानपुऱ्यातलं राहतं घर माझ्या नावावर आहे आणि त्याचं कर्ज माझ्या पगारातून फिटलं आहे. तरी दारावर 'पुंडलिक तुपे' एवढीच पाटी आहे. लावली त्या दिवशी मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते, संध्याकाळी आले तर पाटी लागलेली. घर शिवमला द्यावं. तो ते विकणार, हे मला ठाऊक आहे. विकण्याआधी पाटी बदलून त्यावर माझं नाव घालावं आणि निदान एक दिवाळी ते तिथं राहू द्यावं. ही अट आहे, विनंती नव्हे.

३. शेंद्र्याजवळची माझ्या माहेरची राहिलेली जमीन श्रेयाला द्यावी. शिवमला नाही, श्रेयाला. कारण पुढं येईल.

४. बाटल्यांबाबत. या कलमात वाटण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही, पण कागदावर राहावं म्हणून लिहिते.

आमच्या यजमानांना व्हिस्कीचा शौक होता. गावातल्या शौकिनांचा फोनवर एक ग्रुप आहे, 'शनिवार मंडळ'. कोणी काय आणलं, विमानतळावरून कोणाच्या भाच्यानं काय पाठवलं, आज काय उघडलं, नाकाला काय लागलं, जिभेवर काय राहिलं, हे सगळं फोटोसकट तिथं चालतं. बिल्डर, डॉक्टर, निवृत्त साहेबलोक. सगळे पुरुष. महिन्यातून एकदा बैठक आमच्या दिवाणखान्यात व्हायची, कारण ग्रुपात यजमानांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणायचे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आम्हा दोघांना कोरोना झाला. मी उठले ती आहे तशी. त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. फोडणी जळली तरी त्यांना कळायचं नाही. ते शनिवारी ग्लास नाकाशी धरून बसायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ग्रुपवर लोक विचारत, उस्ताद, आज काय? ते फोन उलटा ठेवून द्यायचे. एकदा त्यांनी ग्लास माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "सत्या, तू सांग ना. कुणाला कळणार नाही."

तोवर मी कधी थेंबही घेतला नव्हता. पण वास ओळखणं हा माझा जन्माचा धंदा. लॅबमध्ये कोणत्या पोरानं कोणती बाटली उघडी टाकली, हे मी व्हरांड्यातून सांगायचे. मी वास घेतला आणि सांगितलं. ताज्या गुळाच्या ढेपेचं फडकं. मागाहून भाकरीचा करपलेला काठ. पाणी घातल्यावर चिंचोके भाजल्यासारखं काहीतरी. त्यांनी जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. ग्रुपवर वाहवा झाली. मंडळातल्या तात्यासाहेबांनी लिहिलं, "उस्ताद, आजारातून उठलात आणि नाक आणखी तेज झालं!"

त्या दिवसापासून ते जाईपर्यंत ग्रुपवर जे जे गेलं, ते माझं होतं. नाव त्यांचं. मला त्यात तेव्हा अपमान वाटला नाही. आजारी नवऱ्याला हात धरून चालवतात, तसं मी नाक धरून चालवलं. पण बरं वाटायला लागल्यावर तरी त्यांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. बैठकीत मी भजी घेऊन बाहेर आले की ते माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत, न जाणो कुणाला संशय यायचा. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांच्या फोटोला हार घालते, तो वेगळा विषय.

५. सरमिसळ बाटली म्हणजे काय, ते इथं सांगणं भाग आहे. शौकिनांची रीत असते, प्रत्येक बाटलीतला शेवटचा पेग प्यायचा नाही, तो एका मोठ्या बाटलीत ओतायचा. वर्षानुवर्षं भर पडत जाते आणि तिची स्वतःची एक चव तयार होते. मंडळाची सरमिसळ आमच्याकडं असायची. जो तो आपला शेवटचा पेग छोट्या बाटलीतून घेऊन यायचा. पूर्वी यजमान आलं तसं ओतायचे आणि ती कशीबशी लागायची. त्यांचं नाक गेल्यावर ती माझ्या हाती आली. सगळंच ओतायचं नसतं. काही पेग चमचाभर पुरतात, काही महिनाभर बाजूला ठेवून मग घालायचे, काही सरळ मोरीत. धुरकट माल तर लॅबमधल्या पिपेटनं थेंबाथेंबानं. दोन वर्षांत ती अशी जमली की लोक बैठकीत बाकी काही मागेनात. "उस्तादांचा हात!" म्हणायचे. उस्तादांचा हात सोफ्याच्या हातावर असायचा.

६. यजमान गेले त्या दिवशी ग्रुपवर पडलं, "मराठवाड्याचं नाक गेलं." ते नाक तेव्हा आत भेटायला आलेल्यांसाठी चहा टाकत होतं.

तेराव्याला तात्यासाहेब मोठी गाडी घेऊन आले. शिवमनं कपाट उघडून दिलं आणि सगळ्या बाटल्या, सरमिसळीसकट, गाडीत गेल्या. मला विचारलं नाही. मी आत भांडी मोजून देत होते. बाहेर आले तर कपाट रिकामं. शिवम म्हणाला, "आई, घरात बाई एकटी आणि कपाटात बाटल्या, बरं दिसत नाही. बाबांच्या आठवणी त्यांच्या मित्रांकडंच शोभतात." मी म्हटलं, त्यातली सरमिसळ माझी आहे. तो म्हणाला, "हळू बोल, पाहुणे आहेत."

शिवम, हे वाचताना तुझ्या बाजूला कोणी पाहुणे नसावेत, एवढीच इच्छा आहे.

७. तात्यासाहेब, राहणार आमच्याच गल्लीच्या टोकाला, यांना मी काहीही देत नाही. विसरून नव्हे, ठरवून. कारण असं.

यजमानांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मंडळानं सरमिसळ उघडली. एकेक घोट घेतला आणि श्रद्धेनं तिच्यात भर घातली. आता श्रद्धा म्हणजे यांच्या लेखी महागातली महाग बाटली. तात्यासाहेबांनी परदेशातून आणलेली भयंकर धुरकट व्हिस्की अर्धीअधिक तिच्यात रिकामी केली. झालं. दोन वर्षं मी थेंब मोजून जे बांधलं होतं, त्याला धुरानं एका दमात गिळलं. दुसऱ्या वर्षी उघडली तेव्हा कोणालाच घोट जाईना.

मग तात्यासाहेब माझ्याकडं आले. बसले, पाणी प्यायले, फोटोला नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, उस्तादांनी कुठं कृती लिहून ठेवली असंल तर बघा ना. आमची लई पंचाईत झालीय."

मी म्हटलं, "कृती कुठं लिहिलेली नाही. सरमिसळ मी करत होते. त्यांना दोन वर्षं वासच येत नव्हता."

ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान पोराला हसतात तसे हसले. म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख आम्हाला समजतं. पण गेलेल्या माणसाबद्दल असं नाय बोलू."

मी उठून आतून माझी नवी सरमिसळ आणली आणि त्यांच्यापुढं ग्लासात ओतली. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील. डोळे उघडून म्हणाले, "हीच! व्हय, हीच! म्हणजे उस्तादांनी घरी एक लपवून ठेवली होती तर."

त्या दिवशी मी जिवंतपणी मेले, असं म्हणणार नाही. पण दार लावून घेतल्यावर बराच वेळ उभी होते.

८. ही नवी सरमिसळ मी तेराव्यानंतर सुरू केली. माझ्या परवान्यावर, माझ्या पेन्शनीतून. जालना रोडच्या दुकानातला पोऱ्या वर्तमानपत्रात बाटली गुंडाळताना अजून विचारतो, "साहेबांना दुसरं काही?" मी म्हणते, साहेबांना काही नको. शेवटचे पेग मी माझे एकटीचेच जमवले. दर शनिवारी चव पाहिली, चुकलं ते दुरुस्त केलं. माझ्या मते ती पहिलीपेक्षा चांगली झाली आहे. हे मत मी नम्रतेनं मांडत नाही.

९. माझं पिपेट, ट्यूलिपच्या आकाराचे दोन ग्लास आणि लॅबमधून निवृत्तीला भेट मिळालेला तराजू श्रेयाला द्यावा. गेल्या दिवाळीत शिवम बाहेर गेला होता तेव्हा ती कपाटाशी आली आणि म्हणाली, "आई, मला पण शिकवा ना, कसं ओळखायचं." मी ग्लास दिला. तिनं घाई केली नाही. म्हणाली, "नवीन माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर येतो तसा वास आहे." बरोबर होतं. मला वर्षभर तो शब्द सापडत नव्हता. शिवमची गाडी वाजली तशी तिनं ग्लास विसळून पालथा घातला. श्रेया, ते विसळणं मला लागलं. जमीन तुला त्यासाठी दिली आहे, की पुढं विसळावं लागू नये.

१०. यजमानांचा फोटो शिवमनं न्यावा. श्राद्धाला त्यापुढं ग्लास ठेवू नये. त्यांना वास येत नव्हता, हे आता तरी घरात मोठ्यानं बोलावं.

११. बाकी राहिलेली भांडी, दागिने आणि बँकेतली शिल्लक शिवम आणि श्रेया यांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडू नये. भांडलात तर जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला जेवू घालावं.

१२. मेहरुन्निसाबाबत. मेहरुन्निसा नूरमोहम्मद अत्तार माझी शेजारीण. नवऱ्यामागं अत्तराचं दुकान तीच चालवते. दारूला शिवत नाही, पण बुचाचा वास घेते. यजमानांच्या नावावर मजकूर जायला लागला त्या सुमारास मी एकदा तिला ग्रुपवरचं वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, "ये भाई का नाय, बाई. ह्यात चूल हाय. भाईनं कधी चिंचोके भाजलेत?" साऱ्या गावात तेवढी एकच मला न सांगता ओळखून गेली.

तिला माझी शिसवी पेटी द्यायची होती. अ‍ॅड. गजाला म्हणाल्या, साक्षीदाराला काही देऊ नये, उद्या कोणी बोट ठेवील. मी मेहरुन्निसाला विचारलं, पेटी घेतेस की साक्ष देतेस. ती म्हणाली, "पेटी लाकडाची हाय, बाई. साक्ष देते." म्हणून तिला या मृत्युपत्रानं काहीही मिळत नाही.

१३. आता नवी सरमिसळ. खरं तर हे सगळं मृत्युपत्र मी तिच्यासाठी लिहायला घेतलं होतं. पहिल्या मसुद्यात ती मंडळाला दिली होती, अशी अट घालून की ग्रुपवर आधी माझं नाव लिहावं, मग बूच काढावं. मेहरुन्निसाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नाव लिहितील, बाई. पिऊन झाल्यावर मिटवतील." दुसऱ्या मसुद्यात श्रेयाला दिली. पण ती श्रेयाच्या कपाटात गेली की शिवम पाहुण्यांना सांगणार, बाबांची आठवण. मी खूप विचार केला. ती जिथं जाईल तिथं पुंडलिकची होईल. मी मेल्यावर माझी म्हणून राहील अशी जागा मला सापडली नाही.

म्हणून सदर बाटली मी या मृत्युपत्रातून वगळत आहे. ती कोणी शोधू नये. माझ्या मृत्यूसमयी ती शिल्लक राहणार नाही, अशी तजवीज मी आजच्या शनिवारपासून करत आहे. श्रेया दिवाळीला आली तर दुसरा ग्लास तिचा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला आहे, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, एक शब्दही यजमानांचा नाही. आज सकाळपासून सही करेपर्यंत मी एक थेंबही घेतलेला नाही, याला खालील दोघे साक्षी आहेत. सहीनंतरचं त्यांना विचारू नये.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १३ सप्टेंबर २०२५, शनिवार

सही: सत्यभामा तुपे

साक्षीदार:
१. डॉ. याह्या सिद्दीकी, छावणी
२. मेहरुन्निसा नूरमोहम्मद अत्तार, उस्मानपुरा. (मी वाचलं. सगळं खरं हाय. वास तिलाच येत होता.)