पाच वर्षांनंतरचं पान

तीर्थरूप अण्णा,

काळेवाडीहून विजूचा नमस्कार. "नोकरी सोडलीस का?" एवढं विचारून तुम्ही फोन आईकडे देता, म्हणून लिहिते. सोडलेली नाही. जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

मी आणि कारखान्यात माझ्याच लाइनवर काम करणारी सलिमा गाड्यांच्या वायरिंगची छोटी कंपनी काढतोय. त्यासाठी बँकेला बिझनेस प्लॅन लिहून द्यायचाय. ताथवड्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम रविवारी शिकवतात. माल कोण घेणार, मशीन कुठलं, हे आम्ही भराभर लिहिलं. रोज तेच तर करतो.

मग मॅडम म्हणाल्या, "आता पाच वर्षांनी कंपनी कुठे असेल, ते लिहा."

आम्ही दोघींनी पेनं खाली ठेवली. चाकणच्या आमच्या कारखान्यात सात महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे थोडे दिवस घरी बसवतात, मग नवं कंत्राट. त्याच्या पुढचं आम्हाला कधी कुणी विचारलंच नव्हतं. सलिमा हळूच म्हणाली, "विजू, तेव्हा माझी उझ्मा कॉलेजात असेल गं." मी बोटांवर वर्षं मोजली, अण्णा. एवढं लांबचं बघण्यापासून आम्हाला कुणी अडवलं होतं, कोण जाणे.

कामगार किती, तिथे लिहिलं, बारा बायका. नेमणूक कशी, तिथे मी लिहिलं, कायम. हा शब्द आजवर दुसऱ्यांच्या बिल्ल्यावर वाचला होता. माझ्या अक्षरात तो किती साधा दिसतो.

पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपतंय. या वेळी नवं मागणार नाही.

रविवारी फोन करते. लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
विजू