अक्काचं तळं

मु. हिमाचल,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. सुशीलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आईच्या अस्थी परवा तळ्यात सोडल्या. ज्याचं चित्र कॅलेंडरातून कापून तिनं सिकंदराबादच्या घरी स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलं होतं, तेच तळं. दर उन्हाळ्यात ती विचारायची, तिथं कधी नेतोस, आणि मी रेल्वेच्या ड्यूटीचं निमित्त सांगून पुढच्या वर्षी नक्की म्हणायचो. बारा वर्षं म्हणत राहिलो. जिवंतपणी नेलं नाही, म्हणून आता नेलं.

देवदाराच्या जंगलातून सहा तास चढलो. पाणी इतकं नितळ, की तळातला खडा न् खडा दिसावा. तिथंच घोळ झाला. राख पसरून गेली, पण अस्थी काठाजवळच्या सपाट दगडावर जाऊन बसल्या. पाणी गुडघाभर, पण हलेच ना. सोडलेलं परत उचलू नये म्हणतात, म्हणून हात घातला नाही. निघायला उठलो की त्या दिसायच्या, मी पुन्हा बसायचो. शेवटी घाईनं उतरताना पाय मुरगळला. आता पंधरा-वीस दिवस इथल्या गेस्टहाऊसात पडून राहावं लागणार.

मावशी, माझं चुकलं का? रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
विकास

नारायणगुडा,
२३ ऑक्टोबर

चि. विकासला अनेक आशीर्वाद.

पायाला हळद-मीठ गरम करून लाव. आता रागावते. अरे शहाण्या, अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात, एवढंही ठाऊक नव्हतं? शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं विचारलं, बासरला गोदावरीत का नाही नेल्या म्हणून.

खरं तर राग माझाच मला येतो. तू विचारलंस तेव्हा मीच म्हटलं, ने बाबा, तिची फार हौस होती. पण हौस बघायची होती रे, राहायची नव्हती. माझी अक्का किती थंडकुडी! डिसेंबरात दोन स्वेटर चढवूनही ही थंडी नक्को म्हणून कुरकुरायची. आणि घरात कधी एकटी झोपली नाही.

पाय बरा झाला की वर जा आणि तिला घेऊन ये. शास्त्राचं काय ते मी बघते. सोबत तिची शाल पाठवलीय, त्यात गुंडाळून आण. मग आपण दोघं बासरला जाऊ.

वाट बघणारी,
मावशी

मु. हिमाचल,
६ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न.

शाल मिळाली. काल वाटाड्याला घेऊन चढलो. मावशी, तळं गोठलंय. बर्फसुद्धा पाण्यासारखाच नितळ. खाली त्या दगडावर अस्थी होत्या तशाच आहेत. दगडानं ठोकून ठोकून हात सोलपटले, पण बर्फ फुटला नाही. वाटाड्यानंच मला ओढून बाजूला केलं. म्हणाला, दोन दिवसांत वाट बंद होईल, ती मे महिन्यात उघडेल.

तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ, कळत नाही. तिची शाल तिच्यावरच्या बर्फावर पांघरली आणि उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. निघताना काहीतरी बोलावंसं वाटलं. तोंडातून तेच निघालं, पुढच्या वर्षी नक्की.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
विकास