प्लगजवळचं स्टूल

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायचा तर आधी आरीचा आवाज आठवावा लागतो. तो कानात भरला की मागून तुम्ही येता. "हं, लाव." मी प्लग लावते. तुमचा हात वर होतो, मी प्लग काढते. किला गेटच्या आपल्या घराची पुढची खोली, जमिनीवर भुसा, भिंतीला टेकून माझं स्टूल. समोरच्या दारातून रस्ता दिसतो, किल्ल्याकडे जाणारे टांगे दिसतात, आणि मला उठता येत नाही.

महाराजांच्या फौजेच्या सुतारखान्यात तुम्ही मिस्त्री होतात. महाराजांचं राज्य गेलं, त्यांची फौज देशाच्या मोठ्या फौजेत मिसळली आणि तुम्हाला कुठल्यातरी लांबच्या छावणीत जायला सांगितलं. आई अंथरुणावर होती. तिला सोडून कसं जायचं म्हणून तुम्ही वर्दी उतरवलीत, आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. पुढे सुतारखान्याचं सामान निकालात निघालं तेव्हा ही बिजलीची आरी तुम्ही घरी आणलीत. सगळा मोहल्ला बघायला आला. शेजारचे हलवाई म्हणाले, "मिस्त्रीजी, ये तो हाथ ले जाएगी।" तुम्ही हसलात. "हाथ आरी नहीं ले जाती भैया, जल्दबाज़ी ले जाती है।"

तुमची शिस्त खरंच फौजेची होती. काम सुरू करण्याआधी प्लग बाहेर ठेवून सगळी वायर बोटांखालून घालायची, कुठे रबर फाटलंय का बघायचं. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडायची, पात्याच्या वाटेत ती कधी येता कामा नये. बाह्या कोपराच्या वर. माझा पदर कमरेला खोचलेला, वेणी आत. जमीन ओली असेल तर काम बंद. आरी दोन्ही हातांनी धरायची, तिच्या बरोब्बर मागे उभं राहायचं नाही. पात्याला हात लावायचा तर आधी प्लग बाहेर, मग पातं पुरतं थांबेपर्यंत वाट. एवढं सगळं पाळणारा माणूस एका गोष्टीकडे मात्र काणाडोळा करत होता. आरीचा खटका खराब होता. बोट सोडलं तरी तो कधीकधी दबलेलाच राहायचा आणि पातं फिरतच राहायचं. म्हणून मी. ऑफिसातून आले की चहा, आणि मग स्टूल. रविवारी दिवसभर स्टूल. मैत्रिणी बोलवायला यायच्या तेव्हा तुम्हीच आतून सांगायचात, "ती कामात आहे."

मग नव्या राज्याची राजधानी भोपाळ ठरली. आपल्या शहराच्या लश्कर भागातली सरकारी ऑफिसं उठून तिकडे जायला लागली आणि कागदपत्रं न्यायला लाकडी खोकी हवी होती. ते काम तुम्हाला मिळालं. मी ज्या ऑफिसात टायपिस्ट होते त्याचंही. मला विचारलं होतं, भोपाळला येणार की राजीनामा देणार. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण रोज म्हणायची, "तू चल ना, एक कमरा साथ में ले लेंगे।" आणि मी घरी येऊन, माझ्याच टेबलावरच्या फायली ज्यात जाणार त्या खोक्यांसाठी प्लग लावत होते, काढत होते. सगळं गाव जायला निघालंय आणि आपण त्याचं सामान बांधतोय असं वाटायचं. तुमच्याकडे विषय काढला की तुम्ही म्हणायचात, "बघू, हे काम उरकू दे."

त्या रविवारी दुपारी ट्रक यायचा होता. थंडी होती, तुम्ही स्वेटर घातला होता. बाह्या वर केल्या होत्यात, पण लोकर ती, घसरत होती. फळी आंब्याची, ओली. रोज तुम्ही चिरेच्या दोन्ही अंगांना जवळ टेकू द्यायचात, त्या दिवशी घाईत फक्त टोकांना दिलेत. फळी मधे खचली, चीर मिटली, पातं आवळलं आणि आरी उलटी उसळली. पात्यावरचं झाकण खाली यायच्या आत बाही आत ओढली गेली. तुम्ही खटका सोडलात, तो अडकलाच. तुम्ही हात वर करू शकत नव्हतात. मी प्लग उपटला.

पातं थांबलं. लोकर गुंडाळली गेली होती, खाली मनगटाच्या वर एक लांब ओरखडा, त्यातून रक्त. बस, तेवढंच. तुम्ही खाली भुशात बसलात. मी कात्रीनं बाही कापत होते. तुम्ही म्हणालात, "तू होतीस म्हणून." ते ऐकलं आणि मला भोपाळची ती खोली, मी न बघितलेली, बंद होताना दिसली.

दुसऱ्या दिवशी मीच पाटणकर बाजारातून बिजलीवाल्याला घेऊन आले. त्यानं आरी उघडून पाहिली. "इसमें क्या है, नया स्विच लग जाएगा। कल ले जाना।" तुम्ही आरी त्याच्या हातातून काढून घेतलीत. "नंतर बघू." तो गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, बदलून का नाही घेत? काल जीव गेला असता." तुम्ही हातावरच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलंत.

"बदलला तर तू जाशील न, बेटा."

इतकं सरळ तुम्ही आयुष्यात कधी बोलला नव्हतात. रागवायला मला जागाच ठेवली नाहीत. तुम्ही आईसाठी थांबलात, आता मी तुमच्यासाठी. मी राजीनामा दिला. शेवटची खोकी ट्रकवर चढली तेव्हा त्याच ट्रकनं निघालेली मैत्रीण वरून हात हलवत होती, आणि तुम्ही दारात उभे राहून दोर नीट आवळलाय की नाही ते बघत होतात.

मग मुलींच्या शाळेत नोकरी लागली. ऑफिसाऐवजी शाळेतून यायचं, एवढाच फरक. तुमच्या चहात साखर किती, तुम्हाला खोकला केव्हा लागतो, आरीचा आवाज जड झाला म्हणजे पातं बोथट झालंय, सगळं मला तुमच्याआधी कळायचं. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. तुम्ही मान हलवायचात. तुम्ही वाईट नव्हतात, अण्णा. वाईट असतात तर मी गेले असते.

किती वर्षांनी ते नक्की आठवत नाही, एका संध्याकाळी आरीतून धूर आला. मोटर जळली होती. मी प्लग काढला, तुम्ही पात्यावर हात ठेवून उभे राहिलात. बिजलीवाला म्हणाला, अब इसमें कुछ नहीं बचा। तोवर मैत्रिणीचं लग्न होऊन तिची मुलं शाळेत जायला लागली होती, मला कुणी कुठे बोलावत नव्हतं. तुम्ही जेवला नाहीत. मी दोनदा आग्रह केला, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. आरी गेल्याचं मलाही वाईट वाटलंय असंच तुम्हाला वाटलं असणार.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या रात्री मी स्वयंपाकघरात दार ओढून घेऊन एकटी जेवले. पोळीवर साजूक तूप घेतलं, वर गूळ घेतला. आणि तुमच्या वाटच्या पोळ्याही मीच खाल्ल्या.