बसलेलं भूत

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।

नांदेड,
५ जानेवारी २०२५

ती. मलप्पामामांस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, फोन केला तेव्हा मी तुमच्या जुन्या सिनेमाच्या कॅसेटचं विचारत होते आणि तुम्ही भज्जीत काय काय घातलं ते सांगत होता. तुमच्या कानांपुढे हात टेकले, म्हणून हे पत्र.

आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी दुपारी एका क्लासच्या रिकाम्या खोलीत पडदे ओढून जुने भयपट बघतो. नावाजलेले नव्हेत. चार दिडक्यांत काढलेले, आठवड्यात उतरलेले. त्यांत भिंत हलते, रक्त म्हणजे कुंकवाचं पाणी आहे हे लांबून कळतं. पण मध्येच असं काहीतरी निघतं, जे पैसेवाल्याला सुचलंच नसतं. तेवढ्यासाठी बाकीचे दोन तास आम्ही आनंदाने सोसतो.

गेल्या रविवारी आमच्यातले धम्मानंद सर सांगत होते, की लहानपणी रेणापूरच्या व्हिडिओ हॉलात त्यांनी ‘ज्वारीतली’ नावाचा मराठी सिनेमा पाहिला आणि पुढे वर्षभर ज्वारीच्या रानात एकटे गेले नाहीत. मी जागेवरून उठलेच. म्हटलं, तो माझ्या मामांनी काढलाय आणि त्यातलं भूत माझी मामी आहे! आता सगळे माझ्या मागे लागलेत. कॅसेट द्याल ना?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो कॅसेटसकट यावा.

आपली,
मंजुषा


लातूर,
१४ जानेवारी २०२५

चि. मंजुषास अनेक आशीर्वाद.

तिळगूळ घे. सोमेश पुण्याहून आला नाही. सुनेला सुट्टी नाही म्हणे.

तुझ्या सरांना सांग, तो सिनेमा नव्हता, मूर्खपणा होता. मी लग्नाच्या शूटिंगा करणारा माणूस. नव्व्याण्णव साली लग्नसराई संपल्यावर कॅमेरा रिकामा पडला होता, म्हणून हे सुचलं. मिक्सिंगवाल्याकडे इफेक्टही लग्नाचेच. त्यामुळे वहिनीचा जीव घेणारा खुनी दीर पहिल्यांदा दिसतो तो बदामाच्या आकारात, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडताना.

रेणापूरला एकच खेळ झाला. तुझी मामी नवी इरकल नेसून पुढच्या रांगेत बसली होती. पडद्यावर भूत आलं आणि हॉल खदखदून हसला. एक जण तर ओरडला, की मावशी, उठा की, लातूरची गाडी लागली हाय. ती मध्येच उठून बाहेर आली. घरी येऊन गळ्यातलं इष्टलिंग हातात घेतलं आणि माझ्याकडून वचन घेतलं, की हे पुन्हा कुणाला दाखवायचं नाही. त्यानंतर ती थिएटरात गेलेली नाही आणि मीही लग्नांपलीकडे काही केलं नाही.

कॅसेट घर बदलताना हरवली. तिच्यापुढे विषय काढू नकोस. तब्येतीस जप.

तुझा,
मलप्पामामा


नांदेड,
२२ जानेवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला, राग पोचला नाही. पुन्हा विचारते.

धम्मानंद सर म्हणतात, हसणाऱ्यांत तेही होते; शेजारचे हसत होते म्हणून. पण बाकीच्या सिनेमांतली भुतं पांढऱ्या साडीत उभी असतात, मेणबत्ती घेऊन फिरतात. तुमचं भूत बसलेलं. दीर ज्वारी बाजूला करतो, तर ती बसलेली. पळत घरी जातो, तर ती आधीच येऊन बसलेली. उभं भूत आज ना उद्या निघून जाईल, बसलेलं कुठे जाणार, असं त्यांना तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं. एवढी मोठी गोष्ट तुम्हांला सुचली कशी, ते तरी सांगा. मला तुमचा फार अभिमान वाटतो, हे फोनवर तुम्हांला ऐकू आलं नसतं.

उत्तराची आणि शिव्यांची वाट पाहणारी,
मंजुषा


लातूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. मंजुषास आशीर्वाद.

सुचलं वगैरे काही नाही. चूक झाली. आपल्या लिंगायतांत माणूस गेलं की भिंतीला टेकवून बसवतात, विभूती लावतात, हातात लिंग देतात आणि तसंच बसलेलं पुरतात. मी सहा वर्षांचा असताना माझ्या आज्जीला उदगीरकडच्या शेतात असं ठेवलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात मेलेलं माणूस म्हणजे खाली बसलेलं माणूस. ज्यांच्यात जाळतात त्यांच्या डोक्यात काय असतं, हा विचारच मी केला नाही. रेणापूरला हसले तेव्हा मला बराच वेळ कळेना, की हे कशाला हसतात. भूत बसणार नाही तर काय करणार?

आता दुसरी चूक ऐक. मला ऐकू येत नाही म्हणून मी पत्रं मोठ्याने वाचतो, हे मला माहीत नव्हतं. तुझी दोन्ही पत्रं तुझ्या मामीने स्वयंपाकघरातून ऐकली. दोन दिवस ती भांडी आपटत होती. हल्ली तिचे गुडघे वाकत नाहीत, पूजाही खुर्चीवर बसून करते, तेवढ्यावरूनच चिडचिड असते. मला वाटलं, तेच असेल. तिसऱ्या दिवशी तिने ट्रंक उघडली आणि शूटिंगच्या साडीत गुंडाळलेली कॅसेट माझ्यापुढे ठेवली. हरवली नव्हती. सव्वीस वर्षं तिनेच ठेवली होती.

तिचं म्हणणं, की ती स्वतः घेऊन येणार, मागच्या रांगेत बसणार आणि एकजण जरी तिला हसला तरी कॅसेट घेऊन परत येणार. मंजुषा, मला भीती वाटते. तिला पुन्हा तसं बाहेर येताना मला बघायचं नाही. सांभाळ.

तुझा,
मलप्पामामा


नांदेड,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

ऐन वेळी तुमचं पोट दुखलं आणि तुम्ही आला नाहीत. ते दुखणं आम्हां दोघींना ठाऊक आहे.

काल खेळ झाला. धम्मानंद सरांनी कुठूनतरी जुना व्हीसीआर पैदा केला होता. खरं सांगते, सुरुवातीला लोक हसले. बदाम आला, पाकळ्या पडल्या आणि खोली फुटली. मामींनी पिशवी उचलली. मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांना सांगितलं, की हे बदामाला हसतायत, तुम्हांला नाही. त्या म्हणाल्या, की बघू.

मग दीर विळा घेऊन ज्वारीत शिरला. एकदा कणसांची ताटं बाजूला केली, कुणी नाही. दुसऱ्यांदा केली आणि मामी बसलेल्या. कपाळावर विभूती, नजर समोर. मामा, कुणी हसलं नाही. शेवटपर्यंत नाही.

दिवे लागले. पुढे बसलेली आरती नावाची मुलगी सहज मागे वळली. मागे भिंतीपाशी खुर्चीत मामी बसलेल्या. तीच विभूती, तीच नजर. ती पोरगी किंचाळलीच! मामींनी तिला जवळ बोलावून विचारलं, की खरंच भ्यालीस का गं. ती म्हणाली, की हाव, भ्याले. मामींनी तिला घरून आणलेला लाडू दिला आणि रात्री जेवताना हीच गोष्ट मला तीनदा सांगितली.

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. मोठ्याने वाचा, आता हरकत नाही.

आपली,
मंजुषा


सोमेशच्या अप्पांस,
शिवम्माचा नमस्कार.

मंजुषा लिहायलीय, तर म्हटलं आपणबी चार ओळी लिहाव्या. लोक हसले न्हाईत. भ्याले. तुमची चूक नव्हती. वचन घेतलं होतं ते मी सोडलं, आता कुणालाबी दाखवा.

एक सांगायचं राहिलं. गुडघे गेल्यापासून माझ्या मनात लई भ्याव होतं, तुम्हांला बोलले न्हाई. वाटायचं, आपली वेळ आली तर मांडी बसंल का न्हाई, लोकं कसंतरी करून मोकळे होतील. काल मी मला बघितलं. पाठ सरळ, मांडी पक्की.

माझ्या वेळेला कुणाला घाई करू देऊ नका. मला कसं बसवायचं ते कॅसेट लावून बघून घ्या.

भाकरी येळेवर खात जा. गुरुवारच्या गाडीनं येते.

शिवम्मा