नको म्हणता येईल अशी पंगत

आबा, परवा मळ्यात भरीत केलं. त्याला खरा खर्च काय आला ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. वांगी शेजाऱ्याने दिली, कपाशीच्या काड्या बांधावर पडलेल्याच होत्या, तेल तेवढं विकत आणलं. खर्च झाला तो तुमच्या एका नियमाचा. तो मोडला. आणि मोडून फार हलकं वाटतंय.

अक्काच्या लग्नातली पंगत आठवते? धुळ्याकडचं आपलं गाव, मी अर्ध्या चड्डीत, हातात भाजीची बादली. एक पाहुणा ताटावर हात आडवा धरतो म्हणून मी पुढे सरकतो, आणि मांडवाच्या टोकाहून तुमचा आवाज येतो, "नही म्हनस तो लाजस! वाढ!" नाही म्हणणारा नुसता लाजत असतो, हा तुमचा नियम. सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून 'नको' हा शब्द मी नुसता ऐकत नाही, त्याच्या आत काय आहे ते ऐकतो. जळगावातलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान त्याच्यावरच उभं राहिलं म्हणा ना. घरघरीवरून कोणतं बेअरिंग गेलं ते कळतं, आणि गिऱ्हाइकाच्या 'नको'त 'थोडं कमी करा' ऐकू येतं. भरिताचंही तसंच. माझ्या हातच्या भरिताला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, हे मी गावभर सांगत फिरतो.

तुमची पणती, म्हणजे माझी नात, मात्र तुम्ही पाहिली नाही. सहा वर्षांची आहे. डॉक्टर ऑटिझम म्हणतात. तुमच्या वेळी हा शब्द नव्हता, अशा लेकराला वेडं ठरवून लोक मोकळे व्हायचे. ती वेडी नाही. बोलते कमी, मोठ्या आवाजाला कान झाकते, आणि ओलसर काही जिभेला लागलं की तिला चटका बसल्यासारखं होतं. गेल्या वर्षी धुळ्याला एका साखरपुड्यात अक्काने मायेनेच तिच्या तोंडात श्रीखंडाचा घास कोंबला. पोर किंचाळली, ताट उडालं. मागून कुणीतरी म्हणालं, "आईनं वळणच लावलं नाही." सूनबाईने ते ऐकलं. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "नाना, आजपासून मी कुठेच येणार नाही." आणि खरंच गेली नाही. माहेरच्या बारशालासुद्धा नाही. पोरीला भरवता भरवता स्वतः ओट्यापाशी उभ्या उभ्या गार पोळी खायची. असंच चाललं तर त्या दोघींना चार भिंतींशिवाय काही उरणार नाही, याची मला धास्ती बसली होती.

पोरीला बोलण्याच्या थेरपीला मी सोडतो. तिथल्या व्हरांड्यात आईबाप बसलेले असतात, आणि माझे कान तर तुम्हाला माहीत आहेत. भुसावळची एक आजी वरणगावच्या बाईला विचारते, "दिराच्या लग्नाला गेली होतीस?" ती म्हणते, "कसलं लग्न, आजी. आहेर पाठवला." पलीकडचा बाप हसतो, "आमचाही आहेरच फिरून येतो सगळीकडे." मी न राहवून मध्ये पडलो, म्हटलं माझ्या मळ्यात या सगळे, भरीत करू. आजी म्हणाली, "भरीत करशील रे, पण खाणार कोण? माझा नातू कोरड्या मुरमुऱ्यांवर जगतो." मी म्हटलं, "मग मुरमुरे घेऊन या. कुणी विचारणार नाही."

म्हणून तुमचा तो नियम मोडला. लेकरं यायच्या आत वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून ठेवली, ठकठक नको म्हणून. स्पीकर नाही. भाऊबंदांनाही मुद्दाम बोलावलं, कारण थेरपीवाल्यांनीच आपल्याआपल्यात बसायचं तर मळा कशाला हवा होता, व्हरांडा होताच. बांधावर उभा राहून एकेकाला सांगितलं, आज आग्रह बंद. अक्का धुळ्याहून आली होती. म्हणाली, "आबा असते तर तुला पंगतीतून उठवलं असतं." मी म्हटलं, "उठलो असतो."

पंगत बसली. सूनबाई पोरीमागे उभीच, पदर खोचून, निघायच्या तयारीत. अक्का वाढायला निघाली आणि जन्माच्या सवयीने तिचा हात पोरीच्या ताटाकडे गेलाच. पोरीने ताटावर तळहात ठेवला. आडवा, अगदी त्या पाहुण्यासारखा. आबा, सगळे थांबले. मुरमुरेवाला पोरगा तेवढा कुरकुर चावत होता. अक्काने पोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पळी मागे घेतली. "नको शे ना? मंग ऱ्हाऊ दे, माय." आणि सूनबाईकडे वळून म्हणाली, "तू बस गं आता. पुरी गार होते."

ती बसली. वर्षभरानंतर मी तिला मांडी घालून, गरम पुरी हाताने तोडून खाताना पाहत होतो. वरणगावच्या बाईने काहीतरी सांगितलं तशी तोंडात घास असतानाच हसली. निघताना मुरमुरेवाल्याची आजी म्हणाली, पुढचं जेवण भुसावळला, आमच्या क्वार्टरच्या अंगणात. सूनबाईने मला न विचारताच हो म्हटलं.

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, ठाऊक आहे. तरी एक लिहायचं टाळत होतो ते लिहितो. तुमच्या पणतीने माझ्या भरिताला बोटसुद्धा लावलं नाही. घरून नेलेला कोरडा भात खाल्ला.