कोकिळाची नाकपुडी

डोणगाव, १२ डिसेंबर १९६४

चि. भगवान यांस शेषरावकाकाचे पुष्कळ आशीर्वाद. इकडे सगळं क्षेम आहे असं आधी लिहायची रीत आहे, पण मंगळवारी क्षेम नव्हतं, म्हणून रीत मोडतो. तुझी तब्येत सांभाळ.

तुझं पत्र मंगळवारीच आलं. डॉक्टरकी सोडून घरी येतो म्हणतोस. (कारण काय, तर नाकाचे स्नायू पाठ करायला लावतात.) तुझ्या काकूला ऐकू जावं म्हणून मी ते ओसरीवर मोठ्यानं, रागारागानं वाचत होतो. समोर पाळण्यात आठ महिन्यांची नात कोकिळा. दोन दिवस ताप, खोकला. दातांचा असेल, म्हणत होतो. तिच्या नाकपुड्या सारख्या फुगत होत्या. काकू रोज न्हाऊ घालताना तेलाच्या बोटांनी तिचं बसकं नाक वर ओढते, त्याला अखेर गुण आला म्हणून घर खुशीत होतं. (शेजारच्या सोजराबाईला बोलावून दाखवलंसुद्धा.) "पोरगी आजोबावर गेली, आत्तापासूनच नाक फुगवून राह्यली," काकू कौतुकानं म्हणाली.

तेवढ्यात तुझं ते वाक्य आलं. नाकपुडी रुंद करणारा एक बारका स्नायू असतो. तान्ह्या मुलाची नाकपुडी दर श्वासाला फुगू लागली तर ते श्वासासाठी झगडतंय असं समजावं. आणि पुढे तुझा सवाल, हे डोणगावात कोणाच्या कामी येणार? मी चष्मा पुसून कोकिळाकडे पाहिलं. दर श्वासाला फुगत होती. रागात माणूस एवढ्या नेमानं नाक फुगवत नाही, हे मला स्वतःवरून माहीत आहे.

मेहकरची एसटी सुटायच्या बेतात होती. एका हातात घोंगडीत गुंडाळलेली पोर, दुसऱ्यात तुझं पत्र, मागून काकू अनवाणी. वाटेत एकदा नाकपुडी थांबल्यासारखी वाटली आणि मी ड्रायव्हरवर ओरडलो. (त्याचा काही दोष नव्हता.) तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून न्यूमोनिया सांगितला, सुई टोचली. उद्यावर टाकलं असतं तर हाती लागली नसती, म्हणाले. कोणी ओळखलं, असं विचारलं. मी म्हणालो, पुतण्यानं, नागपूरहून.

आज तिला घरी आणलं. नाकपुड्या शांत आहेत. काकूनं नाक ओढणं बंद केलं आहे.

तुझा काका,
शेषराव

ता. क. डॉक्टरांना तुझं फक्त दुसरं पान दाखवलं. शिक्षण सोडतो म्हटलेलं पहिलं पान चुलीत गेलं.

आणखी ता. क. काकू म्हणते, "तुम्ही एसटीत रडून राह्यले होते, थे काऊन नाही लिहिलं?" लिहिलं. आता एवढं कर, नाकपुडीच्या पुढचा स्नायू कोणता आणि तो काय सांगतो, ते सविस्तर कळव. घरात अजून सहा पोरं आहेत.