ऋतुजाचा तवा

सोमवार, २ फेब्रु.
स्वतःच्याच हाताने घाण करून ठेवली. बोलू कोणाला?

सून, ऋतुजा, शनिवारी माझ्या रोहनबरोबर माहेरी डोंबिवलीला गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. येत्या रविवारी येणार. तिचा नवा नॉनस्टिक तवा अजून खोक्यातच. म्हटलं, पोरगी येईपर्यंत मुरवून ठेवू. नवा तवा असाच कोणी वापरायला घेतं का? आमच्या सासूबाईंनी शिकवलेलं: तेल चोपडायचं, अर्धा कांदा फिरवायचा, धूर निघेस्तोवर तापवायचा. दोनदा केलं. तिसऱ्यांदा गॅस मोठा ठेवून दाराशी गेले, तर शेजारची प्रमिला उभी. तिला दार उघडं दिसलं की तोंड सुटतं. परत येते तर घरभर धूर, तव्यावर तपकिरी चिकट थर, कडेला तर डांबरच.

हा बिडाचा नव्हे, नॉनस्टिक आहे, हे डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं अंगणवाडी चालवली म्हणे मी! खोक्यातला कागद आता वाचला. 'मंद आचेवर वापरा.' वा.

मंगळवार, ३
साबण, गरम पाणी. ढिम्म. तारेची घासणी लावायची सोय नाही, काळा लेपच निघेल.

ह्यांना सांगितलं. हसले. हसायला काय झालं? ऋतुजाच्या लग्नाला आठ महिने. तिच्या माहेरी मासळी नाही, आमचा मासळीशिवाय दिवस जात नाही. पोरीने कधी नाक मुरडलं नाही. एकच मागितलं, "आई, एक तवा माझा वेगळा असू दे. त्यात मासळी नको." बस. आणि रोहनने मला दिवाळीतच सांगितलेलं, "आई, तिला जड जातंय. वेगळी खोली बघतोय. गुढीपाडव्यापर्यंत ठरवू." म्हणून तिने तवा मागवला तेव्हा मला बरं वाटलेलं. जाणारी बाई भांडं कशाला घेईल?

ह्यांचं म्हणणं, "नव्या खोलीसाठी घेतला असेल." कधी काय बोलावं, ह्या माणसाला चाळीस वर्षांत कळलं नाही.

बुधवार, ४
व्हिनेगर + सोडा, उकळून. घरभर आंबूस वास, तवा तसाच. व्हिडिओतली बाई एकदा फडकं फिरवते नि तवा आरशासारखा. तिच्या तव्यावर जळलेलं काय, दूध?

प्रमिला आली. "गो बाय, राख लाव नि काथ्यानं घास. कसला नाजूक तवा तो, सुनेसारखा!" आणि घासायला घेतलापण. हातातून हिसकावला. रागावून गेली. जाऊ दे. हिच्यामुळेच जळला.

गुरु. ५
जमतंय! सोड्यात थेंब थेंब पाणी घालून लेप लावायचा, वर गरम पाण्यातून पिळलेलं फडकं, अर्धा तास. मग मऊ कपड्याने बोटाच्या टोकाने गोल गोल. परत लेप. एका तासात तळहाताएवढं साफ. मनगट गेलं. दुपारी ऋ.चा फोन. "आई, काय करताय?" म्हटलं, काही नाही, भांडी.

शुक्र. ६
पाऊण तवा साफ. उरलेलं दुपारी करू म्हणून रेशनला गेले. रांग ही एवढी. परत येताना जिन्यातच मांदेली मासळी तळल्याचा वास. मनात म्हटलं, ह्यांनी आज हौसेने घेतलेली दिसते.

ह्याच तव्यात तळलेली.

"आपला मोठा तवा सापडेना. आणि हा तर तू जाळलेलाच. मला वाटलं तू हात टेकलेस." वर कौतुक, "चिकटली नाही गं एकपण!"

काय काय बोलले ते लिहीत नाही. मांदेली समोर असून जेवले नाही. एवढं चिकट तेल काढलं, ते निघालं. आता हे कशाने काढू?

शनि. ७
तवा लख्ख. कडासुद्धा. लिंबू, सोडा, परत लिंबू, उन्हात दोन तास. नाक लावलं, वास नाही. तस्साच नवा मागवावा तर मंगळवारी येणार.

हे म्हणाले, "झालं ना साफ? आता गप्प बस. कळणार कोणाला?"

"मला कळतंय ना!"

"मग तू नको खाऊस त्यातलं."

रवि. ८
अकराला दोघं आली. हातातली पिशवी न ठेवताच ती ओट्याशी. तवा मी तिच्या फळीवर ठेवलेला.

"आई, तुम्ही खोक्यातून काढलात? धुवून ठेवलात?" मग हळूच, "मला वाटलेलं, माझा वेगळा तवा तुम्हाला खुपतोय."

चहा ठेवते म्हटलं.

रोहन म्हणाला, पाचला खोली बघायला जायचंय, लक्षात आहे ना? ती म्हणाली, "आज राहू दे रे. आज सगळ्यांना घावन घालते." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेपरात तोंड घातलं.

बाहेर येऊन वही घेऊन बसलेय. खरंच, न सांगता चालेल. तवा साफ आहे, तिला कधीच कळणार नाही. पण तिने एवढा विश्वास टाकला, आणि मी समोर बसून तिला त्यातलं खाताना बघू? सांगितलं तर पाचला उठून जातील. जातील तर जातील, असं म्हणवत नाही मला. घर खायला उठेल. अशी चिडलेय स्वतःवर, ह्यांच्यावर, त्या मेल्या तव्यावर.

आत तवा तापला. पीठ पसरल्याचा चर्र आवाज.

"आई, या ना! पहिला तुम्हाला."

म्हणजे तिने अजून खाल्लेलं नाही. सांगायला तेवढाच वेळ आहे. उठते.